चूक दिसली पाहिजे

आपल्या बहुतेक वाचकांचा काडतुसांशी कधी संबंध आला नसेल. तरी रायफलची काडतुसे घरीच भरणाऱ्या परदेशी नेमबाजांची एक पद्धत सुरक्षा अधिकाऱ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. वापरलेले पितळी आवरण साफ करायचे, दाबून मूळ मापात आणायचे, नवी टोपी बसवायची, तोलून दारू ओतायची आणि वर गोळी दाबायची, असे हे काम. यातली सर्वांत घातक चूक अगदी साधी आहे. मध्येच फोन वाजतो, लक्ष विचलित होते आणि एकाच आवरणात दोनदा दारू पडते. गोळी बसवली की हे काडतूस इतरांसारखेच दिसते. चूक कळते ती चाप ओढल्यावर.

यावर जुन्या जाणत्यांचा उपाय ‘लक्ष देऊन काम करा’ असा नसतो. ते निम्म्याहून अधिक आवरण व्यापणारी दारू निवडतात. ती दुसऱ्यांदा ओतली तर तोंडातून बाहेर सांडते. शिवाय गोळ्या बसवण्याआधी सगळी आवरणे फळीवर ओळीने उभी करून विजेरीने प्रत्येकात डोकावतात. माणूस चुकणार हे त्यांनी धरूनच ठेवलेले असते.

एप्रिलच्या अंकात हे लिहिण्याचे कारण उघड आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी, शुक्रवारी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यात प्राण गमावलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ आपण १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि गंधक यांची भर पडली. कापूस आणि स्फोटके एकत्र ठेवू नयेत, हे त्या काळीही कोणाला शिकवावे लागत नव्हते. कप्तानाने तक्रारही केली होती. पण युद्धाची घाई होती. जहाज १२ तारखेला मुंबईत आले आणि १४ च्या दुपारीही स्फोटके पोटातच होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण डोलकाठीवर नव्हते.

दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळखान्यात आग लागल्याचे खलाशांना कळले. धूर त्याआधीच आजूबाजूच्या काही लोकांना दिसला होता, पण कोणी हाक दिली नाही. सुमारे ९०० टन पाणी ओतले, ते उकळू लागले, तरी धुरात आगीचे मूळ सापडेना. जहाज बाहेर न्यायचे की जागीच बुडवायचे, हे ठरलेच नाही. ३.५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला, ४.०६ ला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. धक्क्याची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली.

कापसात पेटती सिगारेट पडली असावी, असा अंदाज आहे. आपल्याकडच्या अहवालांत अशा वेळी कारणाच्या रकान्यात एकच शब्द येतो: निष्काळजीपणा. हा शब्द अहवालांतून हद्दपार व्हावा असे आमचे स्पष्ट मत आहे. सिगारेट टाकणारा निष्काळजी असेलही, पण सिगारेट पडल्यापासून स्फोटापर्यंत काही तास होते. जहाजात काय आहे हे शेजारच्यांना कळेल, धूर पाहणाऱ्याला धोका ओळखता येईल, निर्णय कोणी घ्यायचा हे आधीच ठरलेले असेल, अशी सोयच नव्हती.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. आपण हुंगतो तो मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टन. १९३७ साली टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुले-शिक्षक गेले, आणि तिथे वास मिसळणे सक्तीचे झाले. डिसेंबर २०२० मध्ये लालबागच्या गणेश गल्लीत गॅसगळतीनंतर झालेला स्फोट आठवला की वाटते, वास येण्याची सोय करून काम संपत नाही. वास आल्यावर दिव्याचे बटण दाबायचे नाही, खिडक्या उघडायच्या, हेही घरोघरी पोचले पाहिजे.

परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज नूतनीकरणाची कामे चालतात. वरच्या मजल्यावर गॅस कटिंग, खाली थर्माकोल आणि प्लायवूड, आणि परवाना सही होऊन कार्यालयातल्या फाइलमध्ये. अशा परवान्यावर आणखी दोन सह्या वाढवून काही साधत नाही. सही करणारा खाली डोकावतोच असे नाही. खालच्या मजल्याचा त्याच वेळी काढलेला फोटो जोडल्याशिवाय परवाना निघणारच नाही, अशी व्यवस्था करा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, खर्च शून्य.

यंदाच्या सप्ताहात शपथ, बॅज, पोस्टर स्पर्धा हे सगळे होईलच. त्याबरोबर अपघातांची जुनी फाइल काढा, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा असलेला एखादा अहवाल निवडा आणि ती चूक अपघाताआधी कुठे दिसू शकली असती ते कामगारांनाच विचारा. जे हाती लागेल ते आम्हाला कळवा. मे महिन्याच्या अंकात त्याला जागा देऊ. कारखान्याचे किंवा व्यक्तीचे नाव छापणार नाही.