मढच्या वाट्याचे नाटक

गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर, अकोल्याकडचे गावकारभारी तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, यंदा वग कोणता, ढोलकीला कोण, हे विचारून घेतात आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरवतात. याच सुमारास, 27 मार्चला, जागतिक रंगभूमी दिन येतो. 1962 पासून तो साजरा होतो. शहरांतल्या नाट्यगृहांत त्या दिवशी संदेश वाचले जातात, नटराजाची पूजा होते. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या गावातल्या राहुट्यांची मात्र त्या सोहळ्यांत सहसा कुणाला आठवण होत नाही. माळशेज घाट चढून आल्यावर पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकाठी लागणाऱ्या मढसारख्या गावाची तर नाहीच नाही.

यंदा या दिवसाच्या निमित्ताने आधुनिक अमेरिकन नाटकाविषयी बोलावेसे वाटते, आणि ते मढच्या वाचकासाठीच. ब्रॉडवेचे दिवे आपण सिनेमांत पाहिलेले असतात. पण ज्या नाटकाने पुढे ब्रॉडवे बदलला, ते एका कोळ्यांच्या गावात उभे राहिले. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनला धक्क्यावर मासळीची एक जुनी वखार होती. 1916 च्या उन्हाळ्यात काही लेखक-कलावंत मंडळींनी तिथे फळ्या ठोकून रंगमंच केला आणि युजीन ओनीलची ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ ही एकांकिका केली. धुक्यात अडकलेल्या जहाजावर एक खलाशी मरणाला टेकला आहे आणि त्याचा सोबती त्याच्या उशाशी बसला आहे, एवढाच प्रसंग. फळ्यांखाली खऱ्या समुद्राचे पाणी हलत होते. ओनील स्वतः खलाशी म्हणून राबलेला माणूस. पुढे 20 वर्षांनी, 1936 मध्ये, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच उन्हाळ्यात, त्याच वखारीत सुझन ग्लास्पेलची ‘ट्रायफल्स’ झाली. ओनीलइतकेच मोठे श्रेय आम्ही या बाईला देऊ. आयोवात वार्ताहर असताना तिने एका शेतकऱ्याच्या खुनाच्या खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या, त्यातून ही एकांकिका आली. नवरा गळा आवळून मारला गेला आहे, बायको कोठडीत आहे. सरकारी वकील आणि शेरीफ पुरावा शोधत माडीवर आणि गोठ्याकडे फिरतात. स्वयंपाकघर बायकांचे, तिथे काय सापडणार, म्हणून ते सोडून देतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघी बायका तिथेच थांबतात. त्यांना अर्धवट पुसलेले टेबल दिसते, गोधडीचे एका ठिकाणी एकाएकी वेडेवाकडे पडलेले टाके दिसतात, दार मोडलेला पिंजरा दिसतो आणि शेवटी शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला पक्षी सापडतो. त्या घरात काय घडले असेल ते दोघींना कळते. पुरुष परतायच्या आत त्या ती पेटी लपवतात. गोधडीच्या टाक्यांवरून घरातले दुःख ओळखणाऱ्या बाया मढमध्ये घरोघर आहेत.

मराठी नाटकाने अमेरिकेकडून घेतले ते बरेचसे विजय तेंडुलकरांच्या हातून. टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चे त्यांनी ‘वासनाचक्र’ केले, जॉन पॅट्रिकच्या ‘द हेस्टी हार्ट’चे ‘लोभ नसावा ही विनंती’. घराच्या चार भिंतींत माणसे एकमेकांना कशी सोलून काढतात, हे पाहायचे धाडस मराठी रंगभूमीत आले, त्यात या रूपांतरांचाही वाटा असावा. देणे पुढे उलट्या दिशेनेही झाले. 2004 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेंडुलकर महोत्सव भरला आणि ‘सखाराम बाइंडर’ तिथल्या प्रेक्षकांनी इंग्रजीत पाहिले. पण तेंडुलकरांसारखे काही अपवाद सोडले तर आमच्या नाटकाने त्या चार भिंती दिवाणखान्याच्याच ठेवल्या. मुंबई-पुण्याचा फ्लॅट, मधोमध सोफा, उजवीकडे स्वयंपाकघराचे दार. शेताच्या बांधावरचा माणूस त्या दारातून आत आला तो बहुधा गडी म्हणून किंवा हशा पिकवायला. हे आम्हाला सलते.

अमेरिकेने भिंती पाडूनही दाखवल्या होत्या. 1938 मध्ये थॉर्नटन वाइल्डरचे ‘अवर टाउन’ आले. पडदा नाही, देखावा नाही, दोन टेबले, काही खुर्च्या, दोन शिड्या. सूत्रधार प्रेक्षकांशी बोलतो, हे घर कुणाचे, ते चर्च कुठे, ते सांगतो आणि एक लहानसे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. तिथे ते नवल ठरले. आमच्या वगात राजा साताऱ्याला निघतो, ढोलकीवाल्याला वळसा घालतो आणि पोचतो. मावशी गवळणींना घेऊन चार पावले टाकते आणि मथुरेचा बाजार येतो. हे कसब नारायणगावच्या फडांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

म्हणजे रंगमंच आपल्याकडे आहे. राहिला मजकूर. आर्थर मिलरचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ 10 फेब्रुवारी 1949 रोजी आले. साध्या फिरत्या विक्रेत्याची शोकांतिका राजाच्या शोकांतिकेइतकीच मोठी असते, असे मिलरने लिहून ठेवले आणि करूनही दाखवले. त्यातला विक्रेता विली लोमन विम्याचे 20 हजार डॉलर घरच्यांना मिळावेत म्हणून जीव देतो. शेवटी त्याची बायको थडग्यापाशी बसून त्याला सांगते की घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आज फिटला, आणि आता त्या घरात कुणी नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून, भाव ऐकून, सोसायटीच्या हप्त्याचा हिशोब करत घरी परतणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. ऑगस्ट विल्सनने काळ्यांच्या जगण्यावर विसाव्या शतकाच्या एकेका दशकाचे एकेक अशी दहा नाटके लिहिली, त्यांतली नऊ पिट्सबर्गच्या एकाच काळ्या वस्तीत घडतात. वस्ती लहान आहे म्हणून विषय संपत नाही, हे त्याने सिद्ध केले.

मढ परिसरात दहा नाटके सहज निघतील. धरणात जमीन गेलेली घरे आहेत. कल्याण-मुंबईला पोट भरायला गेलेली आणि यात्रेपुरती परतणारी पोरे आहेत. खिरेश्वर, हरिश्चंद्रगडाकडे पावसाळ्यात लोटणारी पर्यटकांची गर्दी आणि तिच्याकडे पाहणारा महादेव कोळी म्हातारा आहे. शेजारच्या आंबेगावात 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खचला आणि माळीण गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. वाइल्डरच्या तिसऱ्या अंकात गावातले मेलेले लोक खुर्च्यांवर शांत बसून जिवंतांविषयी बोलतात. तो अंक वाचताना माळीण आठवल्यावाचून राहत नाही. त्या माणसांविषयी लिहायचे तर ते इथल्याच कुणी, इथल्या बोलीत आणि त्यांच्या घरच्यांना विचारून लिहावे.

ही नाटके उभी करायची ती फडांनीच, पण फडांची अवस्था आम्हाला माहीत आहे. करोनाच्या दोन वर्षांत यात्रा बंद राहिल्या आणि अनेक फडमालक कर्जात बुडाले. गाडीभाडे, डिझेल, शंभरेक माणसांचा पोटापाण्याचा खर्च भागवून नवा वग लिहून घ्यायला त्यांच्याकडे पैसा उरत नाही. तो पैसा गावांनी उभा करावा. यात्रेच्या वर्गणीत कुस्त्यांच्या इनामाचा आकडा वेगळा काढतात, तसा नव्या वगाच्या लेखकाच्या मानधनाचाही काढावा. मढ, पारगाव, ओतूर अशा तीन-चार गावांनी मिळून काढला तर कुणालाच जड जाणार नाही. पाडव्याला राहुटीत बसल्यावर फडमालकाला एवढेच सांगायचे, की पुढच्या वर्षीचा वग आमच्या गावचा हवा, लिहिणाऱ्याला पावसाळ्यात आमच्याकडे पाठवा, राहण्या-जेवणाची सोय गाव करील.