भरती संपली, पळणे का संपवायचे?

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातले रस्ते आणि शाळांची मैदाने मुलांनी भरून जातात. कोणी घड्याळ लावून सोळाशे मीटर पळतो, कोणी गोळा फेकतो, मुली आठशे मीटरची तयारी करतात. पाहून बरे वाटते. मग भरती आटोपते, यादी लागते आणि मैदान ओस पडते. निवड झालेले निघून जातात. राहिलेले पुढच्या भरतीची वाट पाहतात आणि एक दिवस वयाची अट उलटते. त्या दिवशी बूट माळ्यावर जातात ते कायमचे.

दहा-बारा वर्षांनी यांतलाच एखादा माझ्यासमोर येऊन बसतो. पोट सुटलेले, रक्तदाब वाढलेला, साखर काठावर. "डॉक्टर, मी सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारत होतो," हे सांगताना त्याचा आवाज जरा चढतो. "मग आता काय झालं?" असे विचारले की तो खाली पाहतो. "आता इच्छाच होत नाही."

ही तक्रार मला नवी नाही, कारण ती माझीही होती. कॉलेजात असताना मी नियमाने पळत असे. पुढे दवाखाना, संसार आणि आधी मोटारसायकल, मग चारचाकी. पंधरा वर्षे कशी गेली ते कळले नाही. एकदा घरच्यांबरोबर लेण्याद्रीला गेलो. अर्ध्या पायऱ्यांत तीनदा बसलो. दहा वर्षांचा मुलगा वरून हाका मारत होता, "बाबा, या ना लवकर!" आणि सासूबाई माझ्यापुढे निघून गेल्या होत्या.

लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी जुने बूट काढले आणि कॉलेजातल्या वेगाने दोन किलोमीटर पळालो. तिसऱ्या दिवशी पोटरी धरली, गुडघा सुजला. "आता आपलं वय राहिलं नाही," असे स्वतःला बजावून बूट पुन्हा माळ्यावर टाकले. त्यात आणखी एक वर्ष गेले.

चूक वयाची नव्हती, मोजमापाची होती. आपल्या मनात जुनी वेळ पक्की बसलेली असते, पण पायांच्या ती लक्षात नसते. पुन्हा व्यायाम सुरू केला की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारू लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या आणि खुद्द हाडे यांना मात्र कित्येक महिने लागतात. त्यामुळे दम पुरतो आहे असे वाटून माणूस जोर लावतो आणि नेमका तेव्हाच जायबंदी होतो. एकदा दुखले की इच्छा आणखी मरते.

दुसऱ्या खेपेला मी एकच नियम केला. रोज ठरलेल्या वेळी बूट घालून शाळेच्या मैदानापर्यंत जायचे. तिथे एक मिनिट सावकाश पळायचे, दोन मिनिटे चालायचे, असे आठ-दहा वेळा. सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. पहिले दोन महिने बहुतेक दिवशी मला इच्छा नव्हती, तरी गेलो. गंमत अशी की, दहा मिनिटे झाली की अंग मोकळे व्हायचे आणि घरी परतताना आपण आलो ते बरे झाले असे वाटायचे.

म्हणून माझे मत सांगतो. इच्छा आधी येत नाही, पाय हलले की मागून येते. म्हशीची धार काढायला कोणी इच्छेची वाट पाहत बसतो का? वेळ झाली की आपण बादली घेऊन उठतो. व्यायामाचेही तसेच. तो मनाच्या लहरीवर सोडला की बुडाला. घड्याळाला बांधला तर टिकतो.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे पाहा. शेतकऱ्याचा मुलगा, लष्करात भरती झाला. मध्यंतरी त्याचेही वजन बरेच वाढले होते. ते उतरवून तो पुन्हा पळू लागला. 2018 साली भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीतला 37 वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. आपल्याला पदक नको आहे. पण वाढलेले वजन म्हणजे शेवट नव्हे, एवढे त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

आता आपल्या भागातल्या अडचणीचे बोलतो. पहाटे उठून पळावे असे पुस्तकांत लिहिलेले असते. आपल्याकडे तो सल्ला धोक्याचा आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून काय ते समजा. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने पळणे हे धाडस नाही, अविचार आहे. चांगले उजाडल्यावर किंवा दिवस मावळण्याच्या आत, मोकळ्या मैदानावर, दोघे-तिघे मिळून पळा. लहान मुलांना अंधारात बरोबर नेऊ नका. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेनेही नको. तिथे बिबट्यापेक्षा वाहनांची भीती अधिक. सोबत असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे, कोणी वाट पाहत उभा असला की आपल्याला अंथरुणात लोळत राहता येत नाही.

काही जण म्हणतात, आम्ही शेतकरी माणसे, आम्हाला पळण्याची काय गरज? जो दिवसभर खुरपतो, मोळ्या वाहतो, डोंगरची वाट तुडवतो, त्याला मी पळायला सांगणारच नाही. त्याला झोप आणि पोटभर जेवण मिळावे. पण नांगरट ट्रॅक्टरने, बांधावर जायला मोटारसायकल आणि दुपारभर पारावर गप्पा, अशी शेती असेल तर तिला व्यायाम म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्या माणसांसाठी जे प्रमाण सांगितले, ते आठवड्याला निदान 150 मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा 75 मिनिटे पळण्यासारखा जोराचा व्यायाम असे आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललात तरी हिशेब पुरा होतो.

चाळिशी उलटलेल्यांनी आणि ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी सुरुवातीला आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. पळताना छातीत दाब वाटला, चक्कर आली किंवा दुखणे हातात वा जबड्यात उतरले, तर "जरा बसतो, बरं वाटेल" म्हणू नका. थांबा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

राहता राहिले लोक. मी पहिल्यांदा मैदानावर गेलो तेव्हा एकाने विचारलेच, "काय डॉक्टर, भरतीला निघालात का?" महिनाभराने तोच माझ्याबरोबर चालायला येऊ लागला. भगिनींना ही अडचण जास्त जाणवते. त्यांनी चार जणींचा गट करावा, साडीवर चालले तरी चालेल, पण पायांत चप्पल नको, बूट घाला. आणि घरातल्या पुरुषांनी त्या अर्ध्या तासात चहा स्वतः करून घ्यावा.

भरतीसाठी पळालेल्या माझ्या तरुण मित्रांना शेवटी एवढेच सांगतो. यादीत नाव आले नाही म्हणून तुमचे पळणे वाया गेले, असे समजू नका. ती तयारी नोकरीसाठी होती, पण पाय तुमचेच आहेत. आज संध्याकाळी माळ्यावरचे बूट काढा, झटका आणि दाराशी ठेवा. उद्या उजाडल्यावर घड्याळ घरीच ठेवून मैदानापर्यंत नुसते चालत जा. जुनी वेळ आठवलीच तर आठवू द्या, तिच्या मागे मात्र धावू नका.