दुसरा सेंटर कुठे आहे?

३० एप्रिल २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्हजनी तीन गुणांसाठी ४७ वेळा चेंडू फेकला. त्यातले ७ बास्केटमध्ये गेले. इतकी वाईट नेमबाजी करणारा संघ प्लेऑफमध्ये एरवी हरतोच. मिनेसोटा मात्र १०३-९६ असा जिंकला, मालिकाही ४-१ अशी खिशात घातली, आणि मोसमात ५० सामने जिंकून पश्चिम विभागात तिसरा आलेला आपल्या शहराचा लेकर्स संघ पहिल्याच फेरीत गारद झाला.

चुकलेले चाळीस चेंडू गेले कुठे, याचं उत्तर बऱ्याच अंशी रूडी गोबेअरच्या खात्यात सापडतं: २७ गुण, २४ रिबाउंड. आधीच्या चार सामन्यांत त्याचा विशेष प्रभाव पडला नव्हता. पण या सामन्यात त्या सात फूट एक इंच उंचीच्या सेंटरला रोखण्याचं काम बराच वेळ डोरियन फिनी-स्मिथ आणि रुई हाचिमुरा अशा त्याच्याहून पाच-सहा इंचांनी ठेंगण्या खेळाडूंकडे होतं. रिंगवरून चेंडू उडाला की यांनी सगळा भार टाकून त्याला मागे रेटायचं, आणि त्याने यांच्या डोक्यावरून हात वर करून चेंडू काढून घ्यायचा. मालिकेतले आधीचे सामने सुरू करणारा सेंटर जॅक्सन हेज बाकावरच राहिला. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकताच परतलेला मॅक्सी क्लेबर जेमतेम काही मिनिटं खेळला.

पराभवाचं खापर कोच जे. जे. रेडिक यांच्या माथी फुटलं. चौथ्या सामन्याच्या संपूर्ण उत्तरार्धात, म्हणजे सलग २४ मिनिटं, त्यांनी तेच पाच खेळाडू मैदानात ठेवले. त्यात चाळिशीचा लेब्रॉन जेम्स होता आणि सेंटर एकही नव्हता. शेवटच्या पावातल्या आघाडीचे दहा गुण बघता बघता विरले. निर्णय चुकलाच. पण बाकावर विश्वासाचा सेंटर असता तर कोणताही कोच असा जुगार खेळला नसता. खरा प्रश्न संघबांधणीचा आहे, आणि तो जुना आहे.

२०२० चं विजेतेपद आठवा. त्या संघात अँथनी डेव्हिसच्या जोडीला ड्वाइट हॉवर्ड आणि जाव्हेल मॅगी असे दोन खरेखुरे सेंटर होते. एकाचे फाउल भरत आले किंवा दम संपला की दुसरा उतरायचा, आणि डेव्हिसला धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशी रोज झुंजावं लागत नसे. विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच दोघंही गेले. पुढच्या वर्षांत त्या जागेवर माणसं येत-जात राहिली, घडी मात्र बसली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर डेव्हिसने स्वतःच जाहीरपणे सांगितलं, की संघाला आणखी एक सेंटर हवा. काही दिवसांतच त्यालाच डॅलसला देऊन लेकर्सनी लुका डॉन्चिच आणला. मग शार्लटच्या मार्क विल्यम्सचा सौदा ठरला, पण वैद्यकीय तपासणीनंतर तो रद्द झाला. तोवर ट्रेडची मुदत उलटून गेली होती. उरलेला मोसम हेज आणि ऐनवेळी घेतलेला अ‍ॅलेक्स लेन यांच्यावर काढायचा होता.

यात सर्वाधिक नुकसान डॉन्चिचचं झालं. २०२४ मध्ये डॅलस अंतिम फेरीत पोहोचलं तेव्हा त्याच्याजवळ डेरेक लाइव्हली आणि डॅनियल गॅफर्ड असे दोन उंच, चपळ सेंटर होते. स्क्रीनच्या आडून डॉन्चिच सुटला की बचाव करणाऱ्या सेंटरपुढे पेच पडायचा: चेंडूवाल्याला गाठायचं, की मागून बास्केटकडे झेपावणाऱ्याला? लाइव्हली थकला तरी पेच कायम राहायचा, कारण तेच काम करणारा गॅफर्ड ताज्या दमाने आत यायचा. लॉस एंजेलिसमध्ये झेपावणाराच नसल्यावर गोबेअर निवांत रिंगखाली थांबू शकत होता.

सेंटरचा जमाना सरला, सगळा खेळ आता लांबून होतो, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. पण लांबून फेकलेला चेंडू चुकतो, आणि चुकलेला चेंडू कुणीतरी उचलावाच लागतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंडमधून मोकळा झालेला डिआन्द्रे एटन लेकर्सनी घेतला. हात मऊ, जवळून नेम पक्का, २०१८ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. चाहते सुखावले, आणि ते योग्यच आहे. पण एटनच्या खेळातला जोर रोज सारखा नसतो. २०२२ च्या प्लेऑफमध्ये डॉन्चिचच्याच डॅलसविरुद्धच्या सातव्या सामन्यात फीनिक्सच्या कोचने त्याला अवघी १७ मिनिटं खेळवलं आणि फीनिक्स घरच्या मैदानावर १२३-९० असं चिरडलं गेलं. अशी रात्र पुन्हा आली तर बाकावर कोण आहे? पुन्हा तोच हेज, आणि तिशी ओलांडलेला, दुखापतींनी गांजलेला क्लेबर. हेजची उडी अफाट आहे, पण फाउल लवकर चढतात आणि अंगाने दणकट सेंटरपुढे तो मागे ढकलला जातो.

म्हणून व्यवस्थापनाने पुढची धडपड आणखी एका नेमबाजासाठी करू नये. विल्यम्ससाठी २०३१ ची पहिल्या फेरीतली निवड द्यायची त्यांची तयारी होती. सौदा फिसकटल्यामुळे ती निवड हातात राहिली. एटनला दुसऱ्या पावात तिसरा फाउल लागला, तरी उरलेला वेळ बास्केट राखू शकेल अशा सेंटरसाठी ती खर्च व्हावी.