बांधणींत गेलेलीं पानें

माझा एक भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. गेल्या पत्रांत त्यानें एक गंमतीची हकीकत कळविली. तिकडे शिकारीला वाहिलेलीं जुनीं नियतकालिकें जमविणारे हौशी लोक आहेत. ‘शूटिंग टाइम्स’ हें त्यांपैकीं एक तर १८८२ सालापासूनचें. पण या संग्राहकांतील कित्येक जण शिकारीच्या कथा वाचीतच नाहींत म्हणे. त्यांचा डोळा असतो काडतुसांच्या आणि बंदुकींच्या जाहिरातींवर. जन्मांत बंदूक हातीं न धरलेला मनुष्यही एका जाहिरातीच्या पानासाठीं सबंध अंक विकत घेतो. शेवटीं भाचा लिहितो, “मामा, आणि तुम्ही तर हीं पानें फाडवून टाकीत होतां!”

बंदुकीचा आणि माझा संबंध शेजाऱ्यानें रानडुकरांवर काढलेल्या बारापलीकडे कधीं गेला नाहीं. परंतु भाच्याचें शेवटचें वाक्य मात्र वर्मीं लागलें.

शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली वर्षानुवर्षें माझ्याजवळ असे. गांवांतील जुन्या घरांतून ‘मनोरंजन’, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ यांचे सुटे अंक देणगीदाखल येत. मे महिन्याच्या सुटींत ते वर्षवार लावून बांधणाऱ्याच्या स्वाधीन करावयाचे, आणि बजावयाचें कीं, मुखपृष्ठें व जाहिरातींचीं पानें काढून टाक. माझा तर्क असा होता: हीं पानें अंकाच्या आरंभीं व अखेरीस असावयाचीं; त्यांस बहुधा पृष्ठांक नसे, असला तर निराळा; वार्षिक अनुक्रमणिकेंत त्यांचें नांव नाहीं. अनुक्रमणिकेंत ज्याला स्थान नाहीं तें वाङ्मय कसलें? शिवाय खंड आटोपशीर होई आणि बांधणावळ वांचे. काढलेल्या पानांच्या खारेपाटणच्या बाजारांत पुड्या झाल्या.

आणि हें मीं करावें कोठें, तर खारेपाटणांत! शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा प्रसिद्ध ताम्रपट याच गांवचा. तो वाचून प्रथम प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनीं. ते पलीकडच्या देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे. १८३२ च्या ६ जानेवारीस ‘दर्पण’ काढणारे, आणि १८४० त ‘दिग्दर्शन’ हें मराठींतील पहिलें मासिक सुरू करणारेही तेच. त्या ताम्रपटांत राजवंशाची प्रशस्ति आहे, तिचा इतिहासकारांस उपयोग झालाच. परंतु मला, संस्कृतावर पोसलेल्या मनुष्याला, आतां त्यांतील एक रुक्ष कलमच अधिक मोलाचें वाटतें. अव्वेश्वराच्या देवालयास उत्पन्न नेमून देतांना राजा सांगतो कीं, द्वीपांतरांहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें सोन्याचा एक गद्याण घ्यावा. कंदलमूलीयाहून येणाऱ्या गलबतामागें सोन्याचें एक धरण. मात्र चेमुल्य (म्हणजे आपलें चौल) आणि चंद्रपूर येथील गलबतांस तो आकार लागूं नये. एवढ्या दोन ओळींत हजार वर्षांपूर्वींचा समुद्रावरील व्यापार डोळ्यांपुढें उभा राहतो. कोणी काटकसरी कारकुनानें तें कलम ‘वाङ्मय नव्हे’ म्हणून वगळलें असतें तर?

मासिकांतील जाहिराती म्हणजे असलींच कलमें. ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिकच मुळीं व्यापाराच्या पोटीं जन्मलें. कारखान्याचा गिऱ्हाइकांशीं संबंध रहावा म्हणून शंकरराव किर्लोस्करांनीं तें १९२० त किर्लोस्करवाडीस काढलें. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते असा लोकांचा समज होता, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. अशा लोकांची समजूत घालावयाची तर छापील अक्षराचा आधार हवाच. १८९३ सालीं मुंबईंत निघालेल्या अमृतांजनाची गोष्ट याहून नवलाची. त्याचे जनक नागेश्वरराव पंतुलु यांनीं १९०८ त मुंबईंतच ‘आंध्रपत्रिका’ सुरू केली, आणि तिला आधार होता मलमाच्या मिळकतीचा. लोकांच्या डोकेदुखीवर एक वृत्तपत्र उभें राहिलें! आजगांवच्या का. र. मित्रांनीं १९०९ त ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढून मराठींत त्या प्रथेचा पाया घातला, पण तसा दिमाखदार अंक केवळ वर्गणीवर निभत नाहीं, हें कोणताही संपादक सांगेल. ओगल्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाचें चित्र पाहिलें कीं मला तर रॉकेलचा वास येतो. त्याच उजेडांत माझ्या वडिलांनीं त्याच अंकांतील कथा वाचल्या. कथा मीं जपून ठेवल्या; उजेड पुडीला गेला.

हें सारें मला कळलें तें मात्र विद्वत्तेनें नव्हे. आमच्या घरीं एक विधवा काकू होत्या. दुपारचीं भांडीं आवरलीं कीं त्या माजघराच्या उंबऱ्याशीं ‘स्त्री’चा अंक घेऊन बसत. त्यांच्याजवळचे चाळीस-पन्नास अंक मीं शाळेसाठीं मागून घेतले. त्यांनीं मुकाट्यानें दिले, आणि माझ्या रिवाजाप्रमाणें ते बांधून झाले. काकू गेल्यावर त्यांच्या ट्रंकेच्या तळाशीं आणखी सात अंक निघाले. त्यांपैकीं तिहींत एकाच शिवणयंत्राच्या जाहिरातीभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळ काढलेलें होतें. समासांत किंमत मांडून तिला बारांनीं भागलें होतें; दुसऱ्या अंकांत चोविसांनीं; तिसऱ्यांत छत्तिसांनीं.

घरांत कोणालाही याचा पत्ता नव्हता. माझे वडील कर्ते होते, कठोर नव्हते. पण काकूंनीं मागितलें असतें तर यंत्र मिळालें असतें, असें मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं. त्यांनीं मात्र मागितलें नाहीं, एवढें खरें. आणि शाळेंत दिलेल्या त्या चाळीस-पन्नास अंकांच्या समासांत काय काय भागाकार होते, तें आतां कोण सांगणार?

तेव्हांपासून मी उलटा धंदा आरंभिला आहे. रद्दीवाल्याकडून, ओळखीच्या घरांच्या माळ्यांवरून न बांधलेले अंक आणतों. फाटकें मुखपृष्ठ चालतें, वाळवीनें खाल्लेला कोपराही चालतो. कोंकणच्या हवेंत कागद टिकविणें सोपें नाहीं. श्रावणांत ओल येते आणि भाद्रपदांत कसर दिसूं लागते. प्रत्येक गठ्ठ्यांत मी वेखंडाचे तुकडे ठेवितों, त्यामुळें साऱ्या खोलीस औषधाच्या दुकानाची कळा आली आहे, अशी सुनबाईंची तक्रार आहे. ती रास्त आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं ‘स्त्री’चे जुने सुटे अंक असतील, तर रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांच्या शेवटच्या पानांवर एकदां नजर टाकावी. समासांत पेन्सिलीचे आंकडे आढळले तर अंक मला पाठवूं नयेत. घरांतील वडील बायकांना ते दाखवावे, आणि अक्षर कोणाचें तें आधीं विचारून घ्यावें.