घाबरायचंच तर नीट घाबरा

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले. पहिला कुणातरी उत्साही जोडप्याचा: शनिवारी आमच्याकडे हॅलोविन पार्टी, भुताचा ड्रेस कम्पल्सरी, मुलांसाठी गेम्स. दुसरा त्यानंतर तासाभरात कुठल्यातरी काकांचा, हात जोडलेल्या स्मायलीसकट: ही आपली संस्कृती नाही, मुलांना यापासून वाचवा. मग दोन दिवस ग्रुपवर धुमशान. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती, त्यामुळे एका बाल्कनीत आकाशकंदील आणि शेजारच्या बाल्कनीत कागदी वटवाघळं असा देखावा होता. मला वैयक्तिक विचाराल तर दिसायला झकास होता.

मला या भांडणात तिसरंच काहीतरी म्हणायचंय आणि ते दोन्ही पार्ट्यांना झोंबणार आहे. असो.

आधी संस्कृतीवाले काका. त्यांचं म्हणणं असं की भुताखेतांची सोंगं काढणं, पोरांनी वेष करून दारोदार खाऊ मागत हिंडणं, हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं. हे पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलं तर एकवेळ समजू शकतो. पण नागपुरात राहून? काऊन काका, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गावात नसता का?

(विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी जरा थांबतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा पोळा झाला की हा पोरांचा. लाकडी बैल सजवायचा, पोरांना कुणी शेतकरी, कुणी शिवाजी महाराज, कुणी आणखी काही बनवायचं आणि घरोघर न्यायचं. घरचे लोक बैलाची पूजा करतात आणि पोराच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. आता यात आणि अमेरिकन पोरांच्या दारोदार चॉकलेट मागण्यात फरक सांगा बघू. अमेरिकेतली पोरं खाऊ दिला नाही तर खोड्या काढू म्हणून धमकी देतात, आमची देत नाहीत, एवढाच!)

आणि भुताटकीचं म्हणाल तर त्याच दिवशी सकाळी जुन्या नागपुरात मारबत निघते. बांबू, कागद आणि कापडाच्या अवाढव्य बाया. एक काळी, एक पिवळी. काळी मारबत १८८१ पासून निघते. पिवळी १८८५ पासून, जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. दोघींची नेहरू पुतळ्याजवळ गाठ पडते तेव्हा तिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. सोबत बडगे. म्हणजे पुरुषी पुतळे, दरवर्षी नवे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, डेंग्यूचा बडगा. २०२५ मध्ये आयातशुल्कावरून ट्रम्पसाहेबांचाही निघाला होता. लोक ओरडून ओरडून मारबतीला सांगतात की बाई, खोकला, रोगराई, सगळी पीडा तुझ्यासोबत घेऊन जा. मग गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. विषय संपला.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात, तेही याच जातकुळीतलं. आणि मुळात हॅलोविन तरी काय होतं? आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून अंधारा, थंड हिवाळा सुरू व्हायचा त्या रात्री शेकोट्या पेटवायच्या, मेलेल्यांची आठवण ठेवायची, वाईट काही घरात येऊ नये म्हणून सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचा. हे लोक एकोणिसाव्या शतकात जहाजं भरभरून अमेरिकेत गेले, तिथे त्यांना सलगमाऐवजी भला मोठा भोपळा सापडला. बस्स. हिवाळ्यात आपली गुरं जगतील का, आपण जगू का, ही त्यांची खरीखुरी भीती होती. तेव्हा काका, ते लोक आणि आपण यात फार फरक नाही. मेसेज डिलीट करा.

आता पार्टीवाले. म्हणजे माझेच मित्र. इथे मला जास्त बोलायचंय.

मी अशा दोन-तीन पार्ट्यांना गेलोय. सगळ्या एकाच ऑनलाईन दुकानातून आल्यासारख्या. काळे फुगे, प्लॅस्टिकचा सांगाडा, कापसाचं कोळ्याचं जाळं (जे दुसऱ्या दिवशी भिंतीवरून निघता निघत नाही), सॉसमध्ये बुडवलेल्या सॉसेजची 'बोटं', डोळे बांधून सोललेल्या द्राक्षांत हात घालायचा आणि 'ईऽऽ, डोळे!' म्हणून किंचाळायचं. किंचाळणारा माणूस दिवसा प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळतो, त्याला द्राक्षं कळत नाहीत असं नाही. खेळ म्हणून ठीक आहे हो. पण अख्ख्या घरात भीतीचं इतकं सामान, आणि घाबरलेलं कोणीच नाही!

चुकलं. घाबरलेले सगळेच असतात. फक्त ते बाल्कनीत असतात.

अशाच एका पार्टीत, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि येताना बाल्कनीपाशी थबकलो. ड्रॅक्युला आणि ममी कठड्याला टेकून उभे होते. ममीच्या तोंडावरची पट्टी सुटली होती. ड्रॅक्युला अगदी हळू आवाजात म्हणाला, "दोन महिने झाले बे बेंचवर. घरी सांगितलं नाही अजून." ममी म्हणाली, "मीही नाही सांगितलं. फ्लॅटचं पझेशन डिसेंबरमध्ये आहे." मग कोणीतरी आतून गेमसाठी हाक मारली. दोघांनी आपापले सुळे आणि पट्ट्या नीट केल्या आणि द्राक्षांत हात घालायला गेले.

मला राग येतो तो याचा. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या साधारण दोन टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या क्षेत्रातला प्रत्येक जण रात्री छताकडे बघत पडलेला असतो. एआय आपलं काम खाणार की नाही, बॉस मीटिंगला का बोलावत नाहीये, हप्ते वीस वर्षांचे आणि नोकरीची खात्री पुढच्या तिमाहीची. आणि वर्षातून एक रात्र अशी येते की जिचं कामच मुळी भीती बाहेर काढणं आहे, त्या रात्री आपण काय करतो? ट्रान्सिल्व्हेनियाच्या सरदाराला घाबरल्याचं नाटक करतो. ड्रॅक्युला नागपूरला येऊन तुमचं काय वाकडं करणार आहे? मे महिन्यात आला तर बिचारा उन्हानेच मरेल.

इतवारीतल्या लोकांना हे शहाणपण दीडशे वर्षांपूर्वी होतं. त्यांना ज्याची भीती वाटते त्याचाच ते पुतळा करतात, त्याच्या गळ्यात त्याच्या नावाची पाटी लटकवतात, भर रस्त्यात त्याला शिव्या घालतात आणि जाळतात. तुम्हाला हे अडाणीपणाचं वाटतं. मला विचाराल तर महागाईला चौकात नाव घेऊन शिवी देणारा माणूस, बाल्कनीत कुजबुजणाऱ्या इंजिनिअरपेक्षा जास्त मोकळा आहे.

यावर माझ्या एका मित्राचं उत्तर ठरलेलं: "ती गर्दी, ते ढोल, तो ट्रॅफिक... आणि तिथे जायचं कशाला? टीव्हीवर दिसतं ना." अरे, २०२५ ची मारबत २३ ऑगस्टला होती. शनिवार! ना स्टॅंडअप, ना क्लायंट कॉल. वर्धा रोडवरून इतवारीपर्यंत मेट्रो जवळपास नेऊन सोडत असताना तुम्ही मॉलमध्ये बसला होतात. फ्लोरिडातल्या भोपळ्यांच्या शेताची रील मात्र तुम्ही मला पाठवलीत.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो, तो टाळून पुढे जाणार नाही. काळी मारबत म्हणजे बांकाबाई, असं लोक सांगतात. लोकांच्या तोंडी बाकाबाई. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर नागपूरवर इंग्रजांची पकड बसली, आणि बाईंनी त्यांच्याशी जुळवून घेतलं. १८५७ मध्येही त्या इंग्रजांच्याच बाजूने राहिल्या. म्हणून राग. पण दरबारात जुळवून घेणारे पुरुष काय थोडे होते? त्यांचा पुतळा काही दरवर्षी निघत नाही. पीडा म्हटली की ती बाई, आणि तीही काळी, हे आज डोळे मिटून स्वीकारण्यासारखं नाही. हे मी मारबतीवर प्रेम असूनच म्हणतोय. आणि त्या गोष्टीचा शेवट तर आणखी विचित्र आहे. एवढं जुळवून घेऊनही, तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारसाविना वारले तेव्हा कंपनीने राज्य खालसा केलंच. कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी हो. तुम्हाला दुसरी कुठली आठवली असेल तर तो माझा दोष नाही.

बडग्यांचं मात्र तसं नाही. बडगा कुणाचाही निघू शकतो, दरवर्षी बदलतो, आणि तो करायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. आणखी एक, २०२० मध्ये कोरोनामुळे ही मिरवणूक निघू शकली नाही. रोगराई घेऊन जाणारी मारबत, आणि तिलाच रोगराईने घरी बसवलं! त्या वर्षी आम्ही सगळे घरी लॅपटॉपसमोर बसून होतो आणि ओरडायला चौक नव्हता, हे मला अजून आठवतं.

तेव्हा मित्रहो, हॅलोविन पार्टी करा. घरीच करा, जोरात करा. पण बाजारातून भुतं आणू नका. जुना फॉर्मल शर्ट घ्या (इंटरव्ह्यूचा असेल तर उत्तम), त्यात रद्दी कोंबा, डोक्याच्या जागी मडकं, आणि गळ्यात पाटी. येणाऱ्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपल्याला खरंच कशाची भीती वाटते ते लिहून त्या शर्टाच्या खिशात टाकायचं. नाव लिहायची गरज नाही. बेंच, अप्रेझल, आईचे रिपोर्ट, लग्नाचं विचारणारी आत्या, काहीही. मग एकाने सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या आणि बाकीच्यांनी प्रत्येक चिठ्ठीला मनसोक्त शिव्या घालायच्या. घरात लहान मुलं असतील तर शिव्या सौम्य. जाळायचं असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा, पार्किंगमध्ये तर मुळीच नको. नाहीतर फाडा, चिंध्या करा, तेवढं पुरे.

खेळ हवेत तर द्राक्षं सोलत बसू नका. तुमच्या आईला भुलाबाईबद्दल विचारा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. हा खेळ ऑक्टोबरातलाच, आणि डब्यातला वास ओळखताना भल्याभल्यांचं नाक कामाला लागतं.

आणि जेवण. लाल रंग टाकलेलं सरबत म्हणे 'रक्त'! सावजी मटणाच्या रश्श्यावर येणारी तर्री बघितली आहे का कधी? अंधारात एक वाटी नुसती समोर ठेवा, बाहेरगावचे पाहुणे हात लावायच्या आधी देवाचं नाव घेतील. कोहळं कोरून त्यात दिवा ठेवायचा तर जरूर ठेवा, पण आतला गर फेकू नका. किसून, गूळ आणि कणिक घालून त्याचे बोंडं तळायचे, गरमागरम. तर्रीने जीभ भाजली की तेच लागतात.