मागच्या रांगेत कोण बसणार?

बैल विकत घेताना आमच्या भागातला शेतकरी त्याचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो आणि चार पावले चालवून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा पंधरा-वीस लाखांची मोटार घेतो तेव्हा मात्र रंग, छतावरची काच आणि शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा ती किती उंच आहे, एवढेच पाहतो. फार झाले तर जाहिरातीतले तारे मोजतो. पाच तारे दिसले की त्याचे समाधान होते. हे तारे कोणत्या आसनासाठी मिळाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तीन रांगांच्या गाडीच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे असे माझे मत आहे, आणि ते जरा विस्ताराने मांडावे म्हणून हा लेख.

आमचा भाग म्हणजे मध्यप्रदेशातील सौंसर आणि पांढुर्णा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर मराठी बोलणारी ही दोन्ही गावेही तिकडेच राहिली. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्य बदलले तरी सोयरीक बदलत नाही. दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा, मामा सावनेरचे, आत्या वरुडची. सीमेवर वाढलेल्या वाचकांना, मग ते या अंकाचा मराठी विभाग वाचोत की कन्नड, हे वेगळे समजावून सांगायला नको. सांगायचे एवढेच की आमच्याकडे कुटुंब एकटे-दुकटे प्रवास करीत नाही. पोळ्याला सगळे घरी येतात, पाडव्याला म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, तीही पाहून होते, आणि मग सगळे एकाच गाडीत कोंबून परत जातात. पाच आसनांची गाडी या हिशेबात बसत नाही.

यंदा माझ्या धाकट्या भावाने तीन रांगांची गाडी घ्यायचे ठरवले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, एवढ्याच आधारावर त्याने मला फोनवर विचारले, "दादा, कोणती घेऊ ते तू सांग." मी उलट विचारले की मागच्या रांगेत कोण बसणार? तो हसून म्हणाला, "पोट्टे बसतीन मागं. त्यायले कितीक जागा लागते!"

हे उत्तर त्याच्या एकट्याचे नाही. पूर्वी आमच्या रस्त्यांवर कमांडर जीप होत्या, १९९४ नंतर सुमो आली, २००० नंतर बोलेरो. या गाड्यांच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाके असत, आणि त्या बाकांवर कोण बसायचे हे ठरलेले होते. वडीलधारे पुढे, बायका मध्ये, आणि पोरे, गडी व कॉलेजात शिकणारे पुतणे मागे. गाडीतल्या जागा घरातल्या मानाप्रमाणे वाटल्या जात. आता बाके जाऊन खुर्च्या आल्या, गार वारा मागेपर्यंत पोहोचू लागला, पण वाटणी तीच राहिली.

आता ताऱ्यांकडे वळू. आपल्या देशातल्या गाड्यांना धडक देऊन त्यांचे निकाल जाहीर करण्याचे काम प्रथम ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेने २०१४ साली केले. तेव्हा तपासलेल्या पाचही छोट्या गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांना शून्य तारा मिळाला होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही पद्धत सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात टाटांच्या हॅरियर व सफारी या गाड्यांना तिचे पहिले पाच तारे मिळाले. या पद्धतीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका चुरगळणाऱ्या अडथळ्यावर अर्धवट बाजूने आदळवतात. वर्गात मी हा आकडा असा समजावतो: ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर, आणि एखादी वस्तू सुमारे १६ मीटरांवरून खाली सोडली तर जमिनीवर पोहोचताना तिचा वेग तेवढाच होतो. म्हणजे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी नाकावर पाडण्यासारखे आहे. शिवाय ताशी ५० किलोमीटरची बाजूने धडक असते, आणि २९ किलोमीटरने खांबावर आदळण्याची चाचणी असते.

या धडकेत पुढच्या दोन आसनांवर मोठ्या माणसाचे पुतळे असतात. मधल्या रांगेत अठरा महिन्यांच्या आणि तीन वर्षांच्या बालकांचे पुतळे, तेही लहान मुलांच्या खास खुर्चीत बांधलेले. तिसऱ्या रांगेत कोणीच बसलेले नसते. मागून ट्रक येऊन आदळला तर काय होईल, याची चाचणीही २०२३ पासूनच्या या ताऱ्यांत धरलेली नाही.

म्हणून तारे निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. ज्या गाडीचा सांगाडा पुढून टिकला, तो एकंदरीत चांगला बांधलेला असण्याची शक्यता अधिक. तीनपेक्षा कमी ताऱ्यांच्या गाडीत घरच्यांना बसवू नये हे मी भावाला पहिल्याच दिवशी सांगितले. नुसत्या नावावर जाऊ नकोस, हेही सांगितले. २०१६ साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य मिळाले. २०२२ साली स्कॉर्पिओ-एन या नव्या गाडीला पाच मिळाले. नाव जवळजवळ तेच, गाडी सर्वस्वी निराळी. आणि त्या पाचांच्या शेजारी मुलांच्या सुरक्षेचे तारे तीनच होते, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कोण छापणार? २०२४ साली बोलेरो निओला मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी एक तारा मिळाला, अर्टिगाला मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन. २०२५ साली इनोव्हा हायक्रॉसला भारत एनकॅपचे दोन्हींसाठी पाच मिळाले. या गाड्या आमच्या रस्त्यावर रोज दिसतात, आणि लग्नसराईत त्या सगळ्या सारख्याच भरलेल्या असतात.

तारे पाहून झाले की खरा विचार मागच्या रांगेपासून सुरू करावा लागतो. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळावा असा बनवलेला असतो. तो चुरगळतो म्हणून आतल्या माणसाला थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो. मागच्या रांगेत बसलेल्याच्या पाठीशी असा किती भाग उरतो? चार मीटरांच्या आतल्या गाडीत जवळजवळ काहीच नाही. या चार मीटरांचीही एक कथा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचा उत्पादनकर कमी झाला आणि लहान म्हणजे चार मीटरांपर्यंत लांब, अशी व्याख्या झाली. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ती रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४० टक्के कर आहे. ग्राहकाला रांगा तीन हव्यात आणि कर कमी हवा, तेव्हा कारखानदार चार मीटरांत तीन रांगा बसवतो. त्यात त्याचा दोष मी मानत नाही. मात्र शेवटच्या आसनावरचे डोके आणि मागची काच यांच्यात वीतभर अंतर उरते, ते कराच्या या रेघेमुळे. गाडी पाहायला जाताना मोजपट्टी घेऊन जा असे मी भावाला सांगितले, तेव्हा वहिनी हसल्या. पण मोजपट्टी त्यांनीच शिवणाच्या डब्यातून काढून दिली.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. बाजूला तोंड करून बसायची बाके असतील तर ती गाडी घरासाठी घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाजूला बसलेल्या माणसाला धडकेच्या वेळी पट्टा नीट धरू शकत नाही, आणि त्याची मान आडवी झटकली जाते. आसन पुढे तोंड केलेले असावे, प्रत्येक आसनाला खांद्यावरून येणारा पट्टा असावा आणि डोक्यामागे उशी असावी. उशी हा शब्द फसवा आहे. ती विश्रांतीसाठी नसून मागून धडक बसल्यावर मान मागे मोडू नये म्हणून असते. काही गाड्यांत ती इतकी बुटकी असते की मोठ्या माणसाच्या खांद्यालाच टेकते.

आणि पट्टा असून उपयोग काय, तो लावला नाही तर? केंद्रीय परिवहन खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. पट्टा न लावलेले त्यांत १६,७१५ होते, आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ८,३३१, गाडी चालवणारे नव्हते, नुसते बसलेले होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, जर्मन बनावटीची होती. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. महिनाभर देशात मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. कायद्याने तो आधीपासूनच सक्तीचा होता. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला. तरी आमच्या रस्त्यावर मागच्या माणसाने पट्टा लावला तर बाकीचे त्याच्याकडे तो घाबरट असल्यासारखे पाहतात. मागचा माणूस सुटा असला की धडकेत तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, एवढे तरी पुढच्या मानकऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

बाळ मांडीवर घेऊन बसण्याचेही तसेच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला १४० किलोंइतका जोर लागतो. आईच्या हातात माया कितीही असली तरी एवढा जोर नसतो. लहान मुलांची खुर्ची अडकवण्याचे आयसोफिक्सचे आकडे बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेतच असतात. म्हणजे गाडी बनवणारानेच मुलांची जागा मध्ये ठरवलेली आहे. मागे बसायचे ते धडधाकट मोठ्या माणसाने, पट्टा लावून. आमचे बाबा गुडघ्यांमुळे मागे चढू शकत नाहीत, आईला मागे मळमळते. तेव्हा सुटीत घरी गेल्यावर तिसऱ्या रांगेत मी आणि माझा मोठा पुतण्या बसणार. सावनेरला रस्ता फुटतो, एक पांढुर्ण्याकडे आणि एक सौंसरवरून छिंदवाड्याकडे. तिथून सौंसरपर्यंत तरी घरच्या कर्त्याने मागे बसून यावे आणि मगच विसार द्यावा, असे मी सुचवले आहे. विक्रेता चाचणीसाठी गाडी देतो तेव्हा आपण सगळे चालकाच्या खुर्चीसाठी भांडतो.

माझे एक मत मात्र घरात टिकले नाही. मी म्हटले, मागची रांग वर्षातून आठ-दहा दिवस भरणार, मग पाच आसनांची चांगली गाडी घ्यावी आणि त्या दिवसांपुरती दुसरी भाड्याने आणावी. यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लग्नसराईत भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर किती रात्री झोपलेला नसतो, ते तुम्हाला माहीत आहे का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले ते एंडेव्हरसारख्या भक्कम, तीन रांगांच्या गाडीतच. रात्रभरच्या प्रवासाला कोणतीही गाडी पुरी पडत नाही. पांढुर्णा नागपूर-इटारसी मुख्य मार्गावर आहे, सौंसरची छोटी रेल्वेही आता रुंद झाली आहे. सात जण आणि सामान असेल तेव्हा निम्म्यांनी आगगाडीने जावे, हा माझा पर्याय निदान ऐकून तरी घेतला गेला.

सामानाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. तिन्ही रांगा भरल्या की मागे दोन पिशव्यांपुरतीही जागा राहत नाही. मग बॅगा, संत्र्यांच्या पेट्या आणि आहेराची भांडी टपावर चढतात. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि छिंदवाड्याच्या वाटेवरच्या सिल्लेवाणी घाटातल्या वळणावर त्याचा परिणाम जाणवतो. भरलेल्या गाडीसाठी चाकांत हवा किती हवी, ते चालकाच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. मी गेल्या सुटीत सात-आठ ओळखीच्या गाडीवाल्यांना ती पट्टी दाखवली. दोघांनी ती आधी वाचलेली होती.

भावाने अजून विसार दिलेला नाही. दोन गाड्यांवर गोष्ट आली आहे. एकीची मागची उशी पुरेशी उंच आहे, दुसरीची काच डोक्यापासून अधिक लांब आहे. धाकटी पुतणी मागे बसायचा हक्क सोडायला तयार नाही, कारण मागच्या काचेतून येणाऱ्या गाड्यांना हात हलवता येतो. तिला मधल्या रांगेत खिडकी द्यायचे ठरले आहे.