आधी पुरवठा, मग अ‍ॅम्प्लिफायर

मनमाड हे रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वपरिचित असले, तरी पुणे–इंदूर महामार्गावरील मालवाहतूक आणि पानेवाडी येथील तेल कंपन्यांच्या डेपोंतून निघणारे टँकर यांमुळे तेथील ऑटो इलेक्ट्रिशियनला वाहनातील अ‍ॅम्प्लिफायरचा विचार 12 व्होल्टच्या मोटारीपुरता ठेवून चालत नाही. अवजड ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. त्यांपैकी बॉडीकडील एकाच बॅटरीवरून अ‍ॅम्प्लिफायरला पुरवठा काढला, तर ती बॅटरी सतत रिकामी होत राहते. अल्टरनेटर मात्र दोन्हींना सारखाच प्रवाह देतो आणि एकूण 28 व्होल्टच्या आसपास सांभाळतो, त्यामुळे पहिली अर्धवट भरते, तर दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन तिचे पाणी आटते. यावर पुरेशा अँपिअरचा 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर हाच सरळ उपाय आहे.

मोटारीतील बहुतेक तक्रारींचे मूळही अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीबाहेरच असते. सुमारे 80 टक्के कार्यक्षमतेचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर 500 वॉट आरएमएस, म्हणजे सलग टिकणारी शक्ती, देत असेल, तर 13.8 व्होल्टवर तो जवळपास 45 अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह 5 मीटर लांबीच्या 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून नेल्यास जवळपास 1 व्होल्ट तारेतच खर्च होतो आणि सुमारे 44 वॉट उष्णता निर्माण होते, तर 16 चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. बाजारात स्वस्त मिळणारी सीसीए तार, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, त्याच जाडीला बरीच कमी वाहक असल्याने ती वापरायचीच झाल्यास अधिक जाड घ्यावी लागते. मुख्य फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून साधारण 45 सेंटिमीटरच्या आत आणि तारेच्या क्षमतेनुसार बसवावा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे होय.

दोष शोधताना क्रम पाळला, तर सुटे भाग विनाकारण बदलावे लागत नाहीत. प्रथम अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर, पूर्ण आवाजात, पॉझिटिव्ह व अर्थ यांमधील व्होल्टेज मोजावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 आणि येथे 12 व्होल्ट असतील, तर दोष तारेत, फ्यूजच्या होल्डरमध्ये किंवा रंग न खरवडता आवळलेल्या अर्थच्या बोल्टमध्ये आहे. अर्थ सुटलेला असल्यास परतीचा प्रवाह आरसीए केबलच्या, म्हणजे स्टिरिओचा सिग्नल आणणाऱ्या केबलच्या, जाळीतून वाट काढतो आणि स्टिरिओचेही नुकसान करतो. त्यानंतर रिमोट तारेवर, म्हणजे स्टिरिओ सुरू होताच अ‍ॅम्प्लिफायर चालू करणाऱ्या तारेवर, 12 व्होल्ट येतात का ते पाहावे. प्रोटेक्टचा, म्हणजे दोष दाखवणारा, दिवा लागत असेल, तर सर्व स्पीकर सोडवून पुन्हा चालू करावे: दिवा विझला तर दोष स्पीकरमध्ये, बॉडीला चिकटलेल्या तारेत किंवा ब्रिज जोडणीत, म्हणजे दोन चॅनेल एकत्र करून जोडलेल्या स्पीकरच्या बाबतीत, 4 ओहमखाली गेलेल्या भारात शोधावा. स्पीकर सोडवूनही दिवा कायम राहिला, किंवा आउटपुटच्या दोन टोकांमध्ये काही व्होल्ट डीसी मिळाले, तरच पेटी उघडावी. असे डीसी स्पीकरची कॉइल जाळते. गॅस शेगडीच्या नॉबप्रमाणे गेन फिरवून आवाज वाढवण्याची सवयही सोडायला हवी, कारण गेन हे स्टिरिओच्या सिग्नलशी जुळणी करण्याचे साधन आहे आणि तो अति वाढवल्यास लहरींची टोके कापली जाऊन कॉइल तापते. मनमाडच्या उन्हाळ्यात, सीटखाली हवा न मिळालेला अ‍ॅम्प्लिफायर निव्वळ उष्णतेनेही बंद पडतो, हे निदान करताना ध्यानात ठेवावे.

पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर मात्र असे काम स्वीकारूच नये, कारण ज्वलनशील वाफेजवळ एक सैल जोडही आग लागायला पुरेसा ठरतो. अन्य प्रत्येक वाहनाच्या बिलावर तारेचा आकार, फ्यूजचे अँपिअर आणि पूर्ण आवाजातील व्होल्टेज या तीन नोंदी कारागिराने लिहून द्याव्यात. पुढच्या तक्रारीत निदानाची सुरुवात अंदाजाऐवजी त्या आकड्यांपासून होईल.